टेबलाला तेल पाजताना

गेले पाच वीकांत मी एकच उद्योग करतोय. टेबल घासतोय. सोमवारी सकाळच्या कॉलवर कोणी "काय मग, वीकेंडला काय विशेष?" असं विचारलं की "काही नाही रे, घरीच" म्हणून विषय बदलतो. कारण "हातात चिंधी घेऊन दोन दिवस लाकडावर तेल चोळत होतो" हे वाक्य कुठल्याही सुरात म्हटलं तरी समोरच्याला माझी काळजी वाटायला लागणार. दुसर्‍या शनिवारपर्यंत मलाही वाटायला लागली होती.

टेबल आमच्या आजोबांचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले शेकडो वाडे बसले, हे पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने घरी ऐकलेलं असतं. पडलेल्या वाड्यांचं लाकूड नंतर बरेच महिने विकलं जात होतं म्हणे. आजोबांनी त्यातलीच एक सागवानी तुळई घेतली आणि १९६२ मध्ये तिचं टेबल करून घेतलं. साडेचार फूट बाय अडीच फूट, दोन खण, पाय चौकोनी. नक्षी-बिक्षी काही नाही. वरच्या फळीत तीन ठिकाणी जुन्या खिळ्यांची भोकं लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेली आहेत, आणि प्रत्येकाभोवती काळी कडी आहे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की असा काळा डाग पडतो, तो लाकडात आतपर्यंत जातो. म्हणजे ते खिळे कोणत्या तरी पावसाळ्यात गळक्या छपराखाली बरीच वर्षं भिजत होते.

या टेबलावर बाबांनी अभ्यास केला, मग मी केला. आई गेल्यावर बाबा दोन वर्षं पेठेतल्या जुन्या जागेत एकटेच राहिले. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "बाकी सगळं देऊन टाका. टेबल तेवढं आणू." टेम्पोतून टेबल आलं, हॉलमध्ये भिंतीला लागलं, आणि आठवड्याभरात त्यावर चार्जर, कुरियरची पाकिटं आणि लेकीचं चित्रकलेचं सामान यांचा ढीग जमला. बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत. पेपर, चहा, संध्याकाळी फेरी. बोलणं अगदी मोजकं. विचारलं तर "बरंय", नाही विचारलं तर तेही नाही.

तर मी ठरवलं, टेबल नवं करून द्यायचं. बाबांना बरं वाटेल, हे खरं कारण. आमच्या पांढर्‍या टीव्ही युनिटशेजारी ते काळंकुट्ट चिकट टेबल फार वाईट दिसायचं, हेही खरं कारण. दोन्ही सांगून टाकलेली बरी.

आधी रीतसर पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने फळीवर नख ओढून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मेलामाइन मारू, नाहीतर पीयू. एकदम काचेसारखं होईल." बाल्कनीतून बाबांचा आवाज आला, "मग काचच घ्या की." पॉलिशवाला हसला. मी नाही हसलो, पण ते डोक्यात राहिलं. मग दोन रात्री जालावर वाचत बसलो. (ऑफिसात एखादी लायब्ररी निवडायला मी इतका वेळ दिला असता तर बरेच प्रसंग टळले असते. असो.)

ढोबळ फरक असा. मेलामाइन, पीयू, चपड्याचं पॉलिश हे सगळे लाकडावर पापुद्रा धरतात. आपण हात लावतो तो त्या पापुद्र्याला. तेल लाकडात मुरतं, वर जवळजवळ काही राहत नाही. त्यामुळे ते कमजोर असतं. गरम कप ठेवला, पाणी सांडून राहिलं, तर डाग पडतो. पण पीयूवर ओरखडा गेला की सगळी फळी पुन्हा घासून मारायला लागते. तेलाचं तसं नाही. डाग पडला तिथेच थोडं घासायचं, बोळ्याने तेल लावायचं, पुसायचं, झालं. ज्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे तिथे दुरुस्त करता येणारी गोष्टच परवडते.

मात्र तेल कुठलंही चालत नाही. खोबरेल लावलंत तर लाकूड आठवडाभर छान दिसेल, मग धूळ खाऊन चिकट होईल आणि शेवटी खवट वास मारेल. कारण खोबरेल वाळत नाही. वाळतं ते जवसाचं. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. त्यातल्या ज्या ओमेगा थ्रीसाठी हल्ली प्रत्येक डाएटिशियन जवस खायला सांगते, तेच आल्फा लिनोलेनिक आम्ल या तेलात निम्म्याहून जास्त असतं. त्याच्या साखळीत तीन जागा अशा असतात की हवेतला ऑक्सिजन तिथे येऊन चिकटतो, आणि मग एक रेणू दुसर्‍याला, दुसरा तिसर्‍याला असं जाळं विणलं जातं. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवा पितं. वाळल्यावर त्याचं वजन उलट वाढतं! आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. नीट वाचलं होतं. पुढे ते येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहिला शनिवार जुनं पॉलिश काढण्यात गेला. कोपर्‍यात स्पिरिटचा थेंब टाकला, दोन मिनिटांत जागा चिकट झाली, म्हणजे चपडा लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे घासण्यापेक्षा पुसणंच जास्त. साठ वर्षांचं पॉलिश, हातांचा घाम, उदबत्तीचा धूर आणि कसलंसं तेलकट काळं असं सगळं गुळाच्या पाकासारखं चिंधीवर येत होतं. खाली साग दिसला तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. बायको म्हणाली, "अय्या, हे खरंच लाकूड आहे." लेक म्हणाली, "वास घाण येतोय." बाबा आले, बघितलं, गेले.

दुसर्‍या वीकांताला काचपेपर. १२०, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही, कारण आडवा ओरखडा कोरड्या लाकडात दिसत नाही आणि तेल पडलं की ठसठशीत उमटतो. फळीच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा निळा-काळा डाग होता. शाईचा. त्या डागावर मी अख्खा रविवार घालवला. बाबा मधेच येऊन मागे उभे राहिले. बराच वेळ. मी म्हटलं, "बाबा, निघतोय बघा." ते म्हणाले, "चहा झालाय."

संध्याकाळपर्यंत डाग गेला. निदान मला तसं वाटलं.

तेलासाठी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. "जवसाचं तेल, डबल बॉइल्ड," असं म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "पेंटला पाहिजे का बॅटला?" आणि मी एकदम अकरा वर्षांचा झालो. बॅटला तेल पाजणं! आमच्या पिढीतल्या किती जणांनी हे केलंय माहीत नाही. माझी पहिली खरी बॅट काश्मीर विलोची होती. बाबा कामावरून एका औषधाच्या बाटलीत तेल घेऊन आले होते. कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धोतराचा तुकडा, तीन बोटांत धरून त्यांनी बॅटच्या पात्यावर हलका हात फिरवला. हँडल जिथे पात्यात घुसतं त्या पाचरीला लावायचं नाही, नाहीतर सरस सैल होतो. "ओलं दिसलं पाहिजे, वाहता कामा नये." मग बॅट आडवी ठेवायची, रात्रभर. मी बाटली उपडी करायला निघालो होतो, तेव्हा त्यांनी हात धरला होता. आणि काम झाल्यावर ती तेलकट चिंधी त्यांनी खिडकीबाहेरच्या तारेवर पसरून टाकली. आई करवादली होती, की धुतलेल्या कपड्यांशेजारी ही घाण कशाला. मला वाटलं होतं चिंधी परत वापरायची असेल. आमच्या घरात काहीच टाकून द्यायची पद्धत नव्हती.

(डबल बॉइल्ड हे नाव तसं फसवं आहे. लवकर वाळावं म्हणून त्यात बहुतेक वेळा धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यामुळे पोळपाटाला, चॉपिंग बोर्डाला हे तेल लावू नका. बायकोने पोळपाट पुढे केलाच होता, म्हणून सांगतो.)

तिसरा शनिवार, पहिला हात. सागात स्वतःचंच तेल असतं, म्हणून आधी फळी स्पिरिटने पुसून घेतली. तेलात निम्मं टर्पेंटाइन घातलं म्हणजे ते पातळ होऊन खोल जातं. बोळा बुडवला आणि फळीच्या मधोमध ठेवला.

हा क्षण मात्र सांगायलाच हवा. कोरडं घासलेलं सागवान फिकट, पिठूळ, काहीसं आजारी दिसतं. बोळा पुढे सरकतो तसा मागे मधाचा रंग येत जातो. रेषा उठतात. जिथे तुळईत गाठ होती तिथे लाकूड वळसा घालून गेलंय, तो वळसा दिसतो. खिळ्यांभोवतीच्या काळ्या कड्याही उठून दिसतात, आणि त्या चक्क छान दिसतात. मी घाईघाईने उजवीकडे सरकलो, आणि शाईचा डाग परत आला. पूर्ण तळहाताएवढा. आधीपेक्षा जरा फिका, पण काठ न् काठ शाबूत. वरचा थर गेला होता, खालची शाई लाकडातच होती, आणि तेलाने ती वर काढली.

मी जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागून हसण्याचा आवाज आला. बाबा हसत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना असं आवाज करून हसताना ऐकलं. म्हणाले, "कॅमलची शाई आहे ती. तशी नाही जायची."

रविवारी माझी तार जरा वर चढली होती. एका हाताने एवढं सुंदर दिसतंय तर दुसरा हात जाड मारू, म्हणजे काम लवकर संपेल. नेहमीचाच तर्क, आणि याच तर्काने शुक्रवारी संध्याकाळी रिलीज जातात. तेल ओतलं, पसरवलं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या चिंधीने सगळं पुसून घ्यायचं असतं ते पुसलंच नाही. "मुरू दे की." शनिवार-रविवारच्या मिळून दोन-तीन चिंध्या झाल्या होत्या, त्या बाल्कनीत टाकल्या. सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "त्या घाणेरड्या चिंध्या बाबांनी दोरीवर वाळत घातल्यात, माझ्या कुर्त्याशेजारी." मी जाऊन काढल्या. वाळून पापडासारख्या कडक झाल्या होत्या. कचर्‍यात टाकल्या. मनात म्हटलं, सवय जात नाही बाबांची.

चौथ्या शनिवारपर्यंत फळीची चिक्की झाली होती. मुरलेलं तेल वाळलं होतं, वर साचलेलं नव्हतं. त्यावर वरून साय धरलेली, खाली डिंक. कोणीतरी पेपर ठेवला होता तो चिकटला, आणि ओढून काढल्यावर एका सिमेंटच्या जाहिरातीची निम्मी ओळ उलटी होऊन टेबलावर राहिली. आता हे काढायचं कसं? तर थोडं ताजं तेल आणि टर्पेंटाइन टाकून, चिकट थर सैल करून, घासून, पुसून. इथे घासायला पांढरा नायलॉन पॅड लागतो. भांडी घासायचा हिरवा असतो त्याचाच हा नरम भाऊ, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हिरवा वापरू नये, ओरखडे पडतात. तारेची घासणी तर नकोच, तिचे कण रेषांमध्ये अडकले आणि पुढे ओल लागली की पुन्हा तोच खिळ्याचा काळा डाग, फक्त शेकडो ठिकाणी. पांढर्‍या पॅडने छोट्या गोलांमध्ये चिक्की सैल केली, मग चिंधीने ओढून घेतली. एक चिंधी भरली की दुसरी. जुने टी-शर्ट, एक उशीचा अभ्रा, कुठल्या तरी कॉन्फरन्सचे दोन शर्ट. संध्याकाळी सात वाजता फळी साफ झाली तेव्हा माझ्याकडे चौदा-पंधरा तेलाने निथळणार्‍या चिंध्या होत्या. त्या मी कुरियरच्या एका खोक्यात कोंबल्या आणि ड्राय बाल्कनीत ठेवल्या. रद्दीशेजारी. वरून लेकीची सायकल टेकवून ठेवली.

मे महिना. दिवसभर उकाडा.

साडेअकराला बेडरूमच्या दारावर थाप. बाबा कधी आमचं दार वाजवत नाहीत. "ऊठ. तुझं खोकं बघ." आवाज शांत होता, म्हणून मी जास्त घाबरलो. हॉलमध्ये वास येत होता, जळका पण स्वयंपाकघरातला नाही, करपलेल्या तेलात कोणीतरी रंग टाकल्यासारखा. बाबांनी सायकल आधीच बाजूला केली होती, रद्दी ओढून घेतली होती. खोक्यातून पांढरा धूर सरळ वर येत होता. ज्वाळा नव्हती. मी वाकून वरची चिंधी उचलायला गेलो, तर बाबांनी मनगट धरलं. "उघडू नकोस. हवा लागली की पेटेल." आणि बादलीभर पाणी ओतलं. मग दुसरी बादली. खोकं फुसफुसलं. मग त्यांनी झाडूच्या दांड्याने ते आडवं केलं. वरच्या चिंध्या फक्त तपकिरी झाल्या होत्या. मधल्या तीन-चार कोळसा. खोक्याच्या तळाला बशीएवढं भोक, आणि फरशीवर एक काळा गोल. तो अजून आहे.

ड्राय बाल्कनीला लागून लेकीची खोली आहे. तिच्या खिडकीचा पडदा आणि ते खोकं यांच्यात चार फूट अंतर होतं. मी नंतर टेपने मोजलं. का मोजलं, माहीत नाही.

तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. टेबलावर पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. दोरीवर पसरलेल्या चिंधीचंही तेच. पण बोळा करून कोंबलेल्या पंधरा चिंध्यांमध्ये तेलाला हवा लागायला जागा भरपूर, आणि आतली उष्णता बाहेर जायला वाट नाही. गरम झालं की तेल आणखी वेगाने ऑक्सिजन घेतं, म्हणून आणखी गरम. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काही तास लागतात फक्त. मी हे वाचलं होतं हो. तेलाच्या डब्यामागे बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. वॉर्निंगकडे दुर्लक्ष करून पुढे जाणं हा माझा पेशाच आहे, पण बिल्ड आणि बाल्कनी यांत फरक असतो.

त्या रात्री झोप येणं शक्य नव्हतं, म्हणून पुन्हा वाचत बसलो. फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. बाविसाव्या मजल्यावर ऑफिसातल्या लाकडी पॅनेलना जवसाचं तेल लावायचं काम चाललं होतं. कामगार तेलाच्या चिंध्या तिथेच ठेवून घरी गेले. रात्री आग लागली. साधारण एकोणीस तास जळत होती. आठ मजले गेले, आग विझवायला गेलेले तीन जवान मेले. शेवटी ती थांबली तिसाव्या मजल्यावर, कारण तिथे छतात स्प्रिंकलर होते. इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही, १९९९ मध्ये उतरवून टाकली. वाचता वाचता मी दोनदा उठून लेकीच्या खोलीत जाऊन आलो.

बाबा हॉलमध्येच बसले होते. मी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "मी तारेवर का टाकत होतो, तुला काय वाटलं? हौस?"

बाबा चौतीस वर्षं एका वर्कशॉपच्या पेंट शॉपमध्ये होते. गाड्यांची बॉडी रंगवायची. मला हे अर्थातच माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी ते दरवर्षी लिहायचो. पण तिथे ते दिवसभर काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत ते बोलत होते. पेंट शॉपमध्ये चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा असायचा, त्यात पाणी. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी फोरमन स्वतः झाकण उघडून बघायचा. नवीन पोरगा आला की त्याला ब्रश द्यायच्या आधी डबा दाखवायचे. "रंग मारायला काय, कोणीही शिकतो," बाबा म्हणाले. "आवरायला शिकायला वेळ लागतो."

मग मी विचारलं, "तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?"

"तू वाचून करत होतास ना सगळं. मला वाटलं तुला माहीत असेल."

यावर काय बोलणार.

पाचव्या शनिवारी सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आलो तर बाबा आधीच टेबलापाशी. त्यांनी स्वतः बोळे बांधले होते. आत जुना लोकरी मोजा, बाहेर त्यांच्या पांढर्‍या धोतराचं फडकं. शंभर वेळा धुतलेलं धोतर म्हणजे तंतू सुटत नाहीत आणि शिवणही नाही, याहून चांगलं कापड दुकानात मिळत नाही. फडक्याची टोकं मागे पिळून मुठीत, पुढचा भाग सपाट आणि सुरकुती नसलेला. एक लावायचा बोळा, एक पुसायचा, एक कोरडा घोटायचा. हे तिन्ही कधी मिसळायचे नाहीत.

तेलाची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केली. (गॅसवर नाही! पाण्यात.) बाबांनी फळीच्या एका कडेपासून दुसर्‍या कडेपर्यंत सलग हात मारला, मध्ये थांबले नाहीत. थांबलं की तिथे पट्टा राहतो. पंधरा मिनिटांनी मी पुसत गेलो, ते मागून तिरकं बघत "इथे राहिलं, इथे राहिलं" म्हणत होते. कारण सरळ बघून कळत नाही, खिडकीकडे तोंड करून, मान खाली घालून बघायला लागतं. मग घोटणं. सुरुवातीला बोळा ओढ घेतो, किंचित खरखरतो. हळूहळू आवाज बदलतो, बोळा स्वतःहून सरकायला लागतो. तळहाताला ऊब लागते. बाबांचा हात आता जरा थरथरतो, कप बशीवर ठेवताना वाजतो. पण बोळ्यावर वजन टाकलं की थरथर दिसत नाही.

एका फळीला आम्ही दोघांनी तासभर घोटलं. मी उजव्या बाजूला आलो तेव्हा डागाजवळ हात जरा थांबला. बाबाच म्हणाले, "पासष्ट साल. मॅट्रिकचा बीजगणिताचा पेपर होता दुसर्‍या दिवशी. वाचता वाचता झोप लागली, दौत लवंडली. रात्री दोनला तुझे आजोबा उठले. मला वाटलं आता मार बसणार. त्यांनी नेसत्या धोतराने शाई पुसली, पेनमध्ये शाई भरून ठेवली आणि जाऊन झोपले. एक शब्द बोलले नाहीत."

"आणि पेपर?"

"नापास. त्यावरही नाही बोलले. ऑक्टोबरला सुटलो."

मी थोडा वेळ घोटत राहिलो. मग म्हटलं, "मी अख्खा रविवार तो डाग काढत होतो, तेव्हा तरी सांगायचं."

"तू घासत होतास. म्हटलं, निघाला तर निघाला."

तेल लावणार्‍यांमध्ये एक जुना हिशोब सांगतात. आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर आठवड्यातून एक, मग वर्षभर महिन्यातून एक, मग वर्षातून एक, कायमचा. एवढ्याची गरज नसते, तीन-चार पातळ हात नीट पुसून, प्रत्येक हात वाळू देऊन घोटले तरी काम भागतं. बाबांना मी दोन्ही सांगितलं. त्यांनी जुना हिशोब निवडला. रोज संध्याकाळी फेरीहून आले की चमचाभर तेल, एक बोळा, वीस मिनिटं. चार्जर आणि पाकिटांना टेबलावर यायला बंदी आहे. लेकीला चित्र काढायला परवानगी आहे, पण रंगाच्या पाण्याची वाटी बशीत ठेवायची. परवा तिने बशी विसरून वाटी ठेवली आणि पांढरी कडी पडली. बाबांनी तिच्याच हातात बोळा दिला.

चिंध्या आता मोजून काढतो. काम झालं की एकेक उलगडून, सावलीत, दोरीवर, दोन चिंध्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून चिमट्याने लावायच्या. बायकोने त्यासाठी वेगळी दोरी बांधून दिली आहे. कडक झाल्या की मगच कचर्‍यात. काल रविवारी आम्ही पायांना आणि खणांना तेल लावलं, सगळ्या मिळून सात झाल्या. रात्री जेवणं आटोपून मी लॅपटॉप उघडला होता. बाबा बाल्कनीतून आत आले.

"सहाच आहेत."

लेक सोफ्याखाली वाकून बघायला लागली, बायकोने धुण्याची टोपली उपडी केली. मी उठलो, तेव्हा ती सापडली. माझ्या शॉर्टच्या मागच्या खिशात होती, चांगली घडी घालून.